बेटावर पाहुणे बोलावण्याआधी: बावीपासून सुरू होणारा पर्यटनाचा हिशोब

मालवणच्या धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलात, की चारी बाजूंनी खारं पाणी असलेल्या त्या कुरटे बेटावर गोड्या पाण्याच्या तीन बावी, म्हणजे विहिरी, दिसतात: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी तिथे किल्ल्याचं काम सुरू झालं. तट कितीही भक्कम असता, तरी या बावी नसत्या तर त्या बेटावर माणूस टिकला नसता. आज किनाऱ्यालगतच्या बेटांवर आणि खाड्यांतल्या जुव्यांवर, म्हणजे खाडीतल्या छोट्या बेटांवर, पर्यटन सुरू करायची बैठक बसली, की पहिला प्रश्न येतो तो ‘खोल्या किती काढायच्या?’ हा. माझ्या मते पहिला प्रश्न ‘मे महिन्यात बावीत किती हात पाणी असतं?’ हाच हवा. खोल्या, होड्या, जेवणावळी या सगळ्यांचे आकडे त्याच्या उत्तरातून निघतात.

हा लेख अशा बैठकीला बसणाऱ्यांसाठी आहे: ग्रामपंचायतीचे सदस्य, बचत गटाच्या बायका, होडीवाले आणि गावात परतून काहीतरी करू पाहणारी पोरं. उदाहरणं बहुतेक सिंधुदुर्ग-रत्नागिरीची आहेत, पण पद्धत कुठल्याही छोट्या बेटाला लावता येईल.

पायरी १: बावीचा हिशोब

बेटाच्या पोटातलं गोडं पाणी हे पावसाचं मुरलेलं पाणी. ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं, म्हणून त्याच्यावर तरंगत राहतं. वाळूच्या किंवा प्रवाळाच्या बेटावर ढोबळ नियम असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर वर असेल, तर त्याचा थर समुद्रपातळीखाली साधारण ४० मीटरपर्यंत असतो. ऐकायला हे छान वाटतं, पण उलटा हिशोब करून बघा. उपशामुळे पातळी १० सेंटीमीटर खाली गेली, तर खालचं खारं पाणी हळूहळू ४ मीटर वर सरकतं. एकदा बावीत खारं पाणी शिरलं, की पुढचे काही पावसाळे जावे लागतात. कातळाच्या किंवा जांभ्याच्या बेटावर पाणी भेगांतून फिरतं, त्यामुळे हा आकडा तिथे जसाच्या तसा लागू होत नाही. धोका मात्र तोच. देवबागसारख्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी असलेल्या वाळूच्या पट्टीवरही हीच गोष्ट.

मोजायचं कसं ते सांगतो. एप्रिलच्या शेवटी आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे वळवाच्या आधी, प्रत्येक सार्वजनिक आणि खासगी बावीची तीन मापं घ्या. एक, काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर, भरतीला आणि ओहोटीला वेगवेगळं. दोन, टीडीएस मीटरवरचा आकडा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण. हे यंत्र पेनाएवढं असतं आणि स्वस्तात मिळतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा अशी अपेक्षा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतला जातो. मेमध्येच आकडा हजाराच्या वर जात असेल, तर त्या बावीतला एकही थेंब पाहुण्यांच्या हिशोबात धरू नका. तीन, भरावाचा वेग. ठरावीक उपसा करून पाणी पुन्हा मूळ रेषेवर यायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून बघा. मोठा पंप लावून बाव कोरडी करायचा प्रयोग बेटावर कधीही करू नका, त्यानेच खारं पाणी वर येतं. आणि बोअरवेलचा विषय निघाला तर तिथेच थांबवा.

आता एक कल्पित हिशोब. समजा, बेटावर ३०० माणसं आहेत. जलजीवन मिशनच्या मापाने माणशी ५५ लिटर धरले, तर रोज १६,५०० लिटर लागतात. गुरं आणि माडांना २,००० लिटर. बावी मेमध्येही न दमता रोज २६,००० लिटर देतात असं मोजणीतून निघालं, तर उरतात ७,५००. त्यातले २,५०० लिटर राखीव, कारण एखादा पाऊस उशिरा येतो आणि मेच्या सुट्टीत मुंबईकर घरी येतातच. हाती राहिले ५,०००. मुक्कामी पाहुण्याला आंघोळ, संडास, भांडी, चादरी धरून दिवसाला १५० लिटरपेक्षा कमी लागत नाहीत. सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्याला १५ लिटर धरा. म्हणजे २५ मुक्कामी आणि ८० दिवसाचे पाहुणे, एवढीच त्या बेटाची झेप. हा आकडा मोठ्या अक्षरांत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. पुढे कुणी गुंतवणूकदार ६० खोल्यांचा नकाशा घेऊन आला, की त्याला फळ्याकडे बोट दाखवता येतं.

खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र बसवू, असं कुणीतरी म्हणेलच. लक्षद्वीपच्या कवरत्तीवर २००५ पासून समुद्राच्या वरच्या आणि खोलच्या पाण्याच्या तापमानातला फरक वापरून दिवसाला १ लाख लिटर गोडं पाणी करण्याचा प्रकल्प आहे. तो सरकारी संस्थेने उभारला, कारण तिथल्या लोकवस्तीलाच पाणी पुरत नव्हतं. आपल्या छोट्या जुव्याला असं यंत्र आणि त्याची वीज झेपणार नाही. त्यापेक्षा पत्र्यावरचं आणि कौलांवरचं पावसाचं पाणी साठवा. कोकणात पावसाला कंजूष कुणी म्हणणार नाही.

पायरी २: वाटे आधी, पाहुणे नंतर

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना पाहिली आहे? दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो, जाळ्याचा वेगळा, होडीचा वेगळा. शेकडो वर्षं मच्छीमार गाबीत समाज या पद्धतीने समुद्राची कमाई वाटून घेत आला आहे. पर्यटनाच्या पैशाला हीच पद्धत लावा, बाहेरून नवी शोधायची गरज नाही.

समजा, खाडीसफरीचे दिवसाला ४,००० रुपये जमले. त्यातून इंधन आणि दुरुस्ती बाजूला काढा. उरलेल्याचे दहा वाटे करा. होडी चालवणाऱ्यांना चार, होडीला दोन, माहिती सांगणाऱ्यांना दोन, बेटाच्या निधीला एक आणि ‘खाडा निधी’ला एक. हा शेवटचा वाटा का, ते पुढे सांगतो. आकडे तुमच्या बैठकीत बदलतील, पण वाटे पहिला पाहुणा उतरण्याआधी कागदावर यायला हवेत. पैसा दिसू लागल्यावर सुरू झालेली चर्चा भांडणातच संपते.

हे जमतं का, असं विचारणाऱ्यांनी वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत जाऊन यावं. तिथे ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका २०१७ पासून कांदळवनाची सफर चालवतात. होडी त्या स्वतः वल्हवतात आणि कांदळवनाची झाडं, पक्षी, खेकडे स्वतःच दाखवतात. वनविभागाच्या कांदळवन कक्षाची आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची त्यांना सुरुवातीला साथ होती, पण वल्हं त्यांच्या हातात होतं. त्यांच्यातल्या अनेकींची घरं आधी मासे विकून चालायची. खाडी निरोगी राहिली तर त्यांचे दोन्ही धंदे चालतात, म्हणून खाडीची राखण करायला त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

उलट्या बाजूचं उदाहरण घारापुरीचं. मुंबईच्या गेटवेपासून तासाभरावर असलेलं हे बेट. तिथली लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि बोटी भरभरून माणसं जातात. तरीही शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्यांना कायमची वीज मिळाली ती २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकल्यावर. पर्यटक येणं आणि बेटाचं भलं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला घारापुरीकडे पाहिलं की दरवेळी जाणवतं. पाहुणा बेटावर आला, पण तिकीट, जेवण आणि रात्र तिन्ही मुंबईत झाली, तर बेटाला कचरा आणि गर्दी एवढंच उरतं. म्हणून वाट्यांबरोबर हेही ठरवा, की पाहुण्याच्या खर्चातला कुठला भाग बेटावर थांबवायचा. जेवण? होडी? वाटाड्या? एक तरी गोष्ट पूर्ण बेटाच्या हातात हवी.

पायरी ३: कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे केलेली कसर नंतर महागात पडते. थोडक्यात सांगतो.

नवं बांधकाम शक्यतो करूच नका. २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार भरतीरेषेलगतच्या पट्ट्यात मनाप्रमाणे बांधता येत नाही आणि कांदळवन तर सर्वात कडक संरक्षणात येतं. राहत्या घरातली एक-दोन खोली नीट करून पर्यटन विभागाच्या न्याहारी निवास योजनेत नोंदवणं हा स्वस्त आणि सुरक्षित मार्ग. जेवण विकणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. बेटावर पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक असेल, तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढचे २०० मीटर परवानगीचा पट्टा, हे लक्षात ठेवा. मासेमारीसाठी नोंदवलेल्या होडीत पैसे घेऊन माणसं नेता येत नाहीत. प्रवासी वाहतुकीसाठी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाची वेगळी नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो. आणि हे सगळं ग्रामसभेच्या ठरावाने करा, एकट्यादुकट्याच्या अर्जाने नको.

पायरी ४: तांडेलाचा शब्द

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि दहाहून अधिक माणसं गेली. बेटावरच्या पर्यटनात दुसरं काहीही चुकलं तर सुधारता येतं, हे येत नाही.

म्हणून नियम थोडे ठेवा, पण एकही वाकवू नका. लाइफ जॅकेट बोटीत पाय ठेवण्याआधी धक्क्यावरच अंगावर चढलं पाहिजे आणि बक्कल लावलेलं पाहिजे. बाकाखाली रचून ठेवलेलं जॅकेट बुडत्याच्या कामाचं नाही. लहान मुलांच्या मापाची जॅकेटं वेगळी घ्या, मोठ्यांच्या जॅकेटातून मूल खाली सरकतं. डोकी मोजून वहीत लिहा, जाताना आणि येताना. परवान्यावरच्या आकड्यात कडेवरचं मूलही धरायचं. भरती-ओहोटीचं कोष्टक धक्क्यावर लावा, कारण खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी आणि समोरून येणारी लाट एकमेकांवर आदळतात तेव्हा सरावलेल्या होडीलाही तिथे जड जातं.

आणि आता खाडा निधी. वारा फिरलेला असतो, तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आकाशाकडे बघून म्हणतो, “आज बोट सोडूची नाय.” समोर पुण्याहून आलेलं बारा जणांचं कुटुंब उभं असतं, त्यांची परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची असते आणि तांडेलाच्या घरी हप्ता भरायचा असतो. या क्षणी त्याला ‘नाही’ म्हणणं परवडलं पाहिजे. बोट न सुटलेल्या दिवशी त्याच्या वाट्याची ठरावीक रक्कम खाडा निधीतून त्याला मिळाली, तर तो ‘नाही’वर ठाम राहतो. सुरक्षेच्या फलकांवर पैसा घालणारे खूप असतात, पण नकाराची किंमत आधीच भरून ठेवणारे मला क्वचित दिसले. मला विचाराल तर या लेखातून एकच गोष्ट उचलायची असेल, तर ही उचला.

पायरी ५: पाण्याखालचं गाव

मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे, हे कित्येक मालवणकरांनाही स्कूबा सुरू झाल्यावरच कळलं. इथलं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा साधारण ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा. मच्छीमारांनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केला. त्यांचा समुद्र त्यांना न विचारता नकाशावर आखला गेला, तर दुसरं काय होणार होतं? तुमच्या बेटाभोवती कुठे उतरायचं आणि कुठे नाही, ही रेघ आधी मच्छीमारांच्या बोटाने वाळूत ओढून घ्या आणि मगच कागदावर आणा.

पर्यटनात प्रवाळाचं मोठं नुकसान नांगराने होतं. एकाच जागी रोज दहा होड्या नांगर टाकतात, फरपटवतात, आणि दोन हंगामांत तिथे चुरा उरतो. उपाय सोपा आहे: ठरलेल्या जागी वाळूत काँक्रीटचा ठोकळा कायमचा बसवायचा, त्याला दोर आणि वर तरंगता गोळा. होडी त्या गोळ्याला बांधायची. ठोकळा बसवायला वनविभागाची आणि मेरीटाइम बोर्डाची परवानगी घ्या. मासे जमावेत म्हणून पाव किंवा बिस्किटं टाकणं बंद. फोटो चांगला येतो हे खरं, पण शेवाळ खाऊन प्रवाळ स्वच्छ ठेवणारे मासे आपलं काम सोडून पावाच्या मागे लागतात. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याचा तुकडा आठवण म्हणून नेणं हा गुन्हा आहे, हे पाहुण्याला होडीतच सांगा. समुद्र तापून प्रवाळ पांढरं पडू लागलं, तर त्या जागी उतरणं थांबवा. आजारी माणसाच्या घरी आपण गर्दी करत नाही, तसंच हे.

डॉल्फिन दिसले की इंजिन मंद करायचं, पाठलाग करायचा नाही, कळपाच्या मधोमध शिरायचं नाही. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर पाकोळ्यांची वीण होते, अशा जागांवर पाहुण्यांना उतरवूच नका. कासवांबद्दल मंडणगड तालुक्यातलं वेळास गाव बघा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेबरोबर गावाने घरटी राखली, पिल्लं समुद्रात जाताना बघायला माणसं येऊ लागली आणि ती गावातल्या घरांतच राहिली, जेवली. किनाऱ्यावर हॉटेलचे झगझगीत दिवे लागले असते, तर पिल्लांनी समुद्र सोडून दिव्यांकडेच वाट धरली असती.

मच्छीमार या सगळ्यात तोट्यात जाऊ नये. जाळ्यात कासव किंवा दुसरा संरक्षित जीव अडकला आणि जाळं कापून त्याला सोडलं, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची राज्याची योजना २०१८ च्या अखेरीपासून आहे. अर्ज भरायला मदत करणारं एक माणूस तुमच्या समितीत ठेवा.

पायरी ६: जे होडीतून येतं ते होडीतून जातं

बेटावर कचरा ‘बाहेर’ टाकायला बाहेर नसतं. जाळला तर धूर आपल्याच घरात, पुरला तर बावीत. त्यामुळे सुका कचरा वजन करून त्याच होडीने मुख्य किनाऱ्यावर परत पाठवायचा. पाण्याच्या बाटल्यांसाठी अनामत ठेवा. चढताना बाटलीमागे ठरावीक रक्कम घ्यायची आणि उतरताना बाटली दाखवली की परत. त्याहून चांगलं म्हणजे गाळलेलं, उकळलेलं पाणी मडक्यातून भरून द्या, तेवढं आपल्या पाण्याच्या हिशोबात धरलेलंच आहे.

संडासाकडे कुणाचं लक्ष जात नाही आणि खरा घोळ तिथेच होतो. वाळूतून सांडपाणी भराभर वाहतं. शोषखड्डा बावीपासून निदान १५ मीटर लांब हवा, बावीच्या उताराच्या खालच्या बाजूला हवा आणि त्याचा तळ पावसाळ्यातल्या पाण्याच्या पातळीच्या बराच वर हवा. जिथे पाणी हाताभरावर लागतं, तिथे खड्डा नकोच. बंदिस्त टाकी किंवा खताचा कोरडा संडास करा.

पायरी ७: ताटात काय

पाहुणा सुरमई-पापलेट मागतो. बाजारातून बर्फातली आणून वाढलीत, तर पैसा बेटाबाहेर गेला आणि चवही गेली. त्यापेक्षा पाटीवर रोज लिहा: ‘आज आलंय ते.’ पेडवे, बांगडे, तिसऱ्या, कालवं, सोबत सोलकढी आणि घरचा भात. अंडी धरलेली कुर्ली आणि बोटाएवढी पिल्लं वाढायची नाहीत. कालवं काढणाऱ्या बाईला सोबत घेऊन पाहुण्यांना ओहोटीला खडकावर न्या, ती कोयत्याने शिंपला कसा उघडते ते बघायला माणसं आनंदाने पैसे देतात. पण गावातल्या माणसाला बांगडा महाग होऊ लागला, तर पाहुणे जास्त झाले आहेत हे ओळखा.

पायरी ८: थांबायचं कधी, हे आधीच लिहून ठेवा

फिलिपिन्सचं बोराकाय बेट सांडपाण्यामुळे २०१८ मध्ये सरकारला सहा महिने पूर्ण बंद ठेवावं लागलं. थायलंडचा माया बे त्याच वर्षी बंद झाला, तो २०२२ च्या जानेवारीत मर्यादित माणसांसाठी उघडला. दोन्ही ठिकाणी थांबायची रेघ आधी आखलेली नव्हती, म्हणून एकदम कुलूप लावावं लागलं आणि त्याचा पहिला फटका होडीवाल्यांना आणि खानावळवाल्यांना बसला.

तुमची रेघ चार ओळींची असू द्या. बावीचा टीडीएस ठरलेल्या आकड्यापुढे गेला, की मुक्काम बंद, दिवसाचे पाहुणे निम्मे. सलग दोन महिने कचरा परत गेला नाही, तर आरक्षण बंद. होडीवर क्षमतेपेक्षा एक जरी माणूस जास्त सापडला, तर ती होडी पंधरा दिवस किनाऱ्यावर. ग्रामसभेत एक तृतीयांश लोकांनी पाहुण्यांचा त्रास होतो असं सांगितलं, तर पुढच्या हंगामाचा आकडा खाली. दर महिन्याला ही नोंदवही ग्रामसभेसमोर मोठ्याने वाचायची.

वर्षाचं चक्र साधारण असं बसतं. एप्रिल-मेमध्ये बावी मोजायच्या आणि पुढच्या हंगामाचा आकडा ठरवायचा. जूनपासून होड्या वर ओढलेल्या, पाहुणे बंद. हे दिवस डागडुजीचे, पन्हळी आणि टाक्या साफ करण्याचे, पोरांना बुडत्याला वाचवण्याचं शिक्षण देण्याचे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला, तरी पाहुण्यांची होडी लगेच काढू नका. दर्या निवेपर्यंत थांबा, मेरीटाइम बोर्डाचा तपासणी दाखला हातात घ्या, जॅकेटं उन्हात वाळवून एकेकाचं बक्कल ओढून बघा. मग बावीत पुन्हा एकदा दोर सोडा आणि पाण्याचं माप वहीच्या नव्या पानावर लिहा.